पाय उचला, पाव्हणं

—न्हाई, पण मला आधी एक सांगा. पाइपावर माणसाचा पाय पडला तर आतली हवा तिथल्या तिथं बंद होते, का थोडी थोडी जातच राहते? साधा सवाल आहे. जालन्याला एजन्सीत सिलिंडर भरून देणारा माणूस आहे, त्याला इचारलं, तर म्हणला, तू पाय देऊच नको, म्हणजे सवालच उरत न्हाई. आमच्या जुन्या मास्तरला इचारलं, ते म्हणले, पुस्तकात पाण्याचं आहे, हवेचं न्हाई. डॉक्टरला इचारलं तर त्यांनी माझ्याकडं पाह्यलं आन् पुन्हा खाली मान घालून कागदावर लिहीत राह्यले. आन् आता तुम्ही. टेंभुर्णीला तुमचं स्वतःचं वर्कशॉप, वीस वर्षं झाली म्हणता गॅस पेटवून, तरी तुम्हीसुद्धा हसून राह्यले. हसा. पण हसताना पाय उचला. उजवा न्हाई, डावा. डाव्या पायाखाली बघा काय आहे. हां. तोच तो.

तोच पाइप विकायचा न्हाई. वहिनीनं तुम्हाला काय निरोप धाडला मला ठाऊक आहे — मंठ्याला या, सगळा सेट जसाच्या तसा आहे, टेम्पो घेऊनच या. वहिनीचं बराबर आहे, आता धनीण तीच. दोन्ही सिलिंडर न्या, कापायची गॅसची टॉर्च न्या, वेल्डिंगचं मशीन न्या, केबल न्या, ऐरण न्या, ज्या स्टुलावर बसलात ते आवडलं असलं तर तेही न्या, मी उभा राहीन. किमतीचं तुम्ही आन् वहिनी पाहून घ्या, मी त्यात पडत न्हाई. फकस्त हा काळा पाइप, ऑक्सिजनचा, हा राहू द्या. लाल न्या की. लाल गॅसचा, एकदम नवा आहे, त्याच्या अंगावर चट्टा न्हाई. ह्या काळ्याला नऊ जागी जोड आहेत. नऊ ठिकाणी फाटून पुन्हा जोडलेला पाइप घेऊन तुम्ही काय करणार? काय म्हणता? काळ्यासाठीच आलात? — आता काय बोलावं तुम्हाला. म्हणता, नऊ जोड आन् साबणाचं पाणी लावलं तर एका जोडाला बुडबुडा न्हाई, असा पाइप जिल्ह्यात दुसरा दाखव. म्हणजे कारभारी मिस्त्रीचं नाव टेंभुर्णीपर्यंत गेल्तं म्हणायचं. दादाला सांगितलं असतं तर दोन दिवस हवेत चालला असता. पण मंग तुमचं काय, काळ्यासकट दिला तर घेतो, न्हाईतर कायबी नको, असं? बिलकुल? बसा, उठू नका असे. तुम्ही उठलात तर वहिनी मला घरात घेणार न्हाई. ती ह्या पैशात माहेरी, कुंभार पिंपळगावला, पिठाची गिरणी टाकणार आहे, गिरणीवाल्याला जबान देऊन बसली आहे. बसा. पाणी मागवतो. मागवायचं कशाला, तिथं माठ आहे, पण बसा.

मी भुजंग, मिस्त्रीचा धाकटा. एकच धाकटा. आज एक्केचाळीस दिवस झाले दादाला जाऊन. — हां, तुम्ही ऐकलं असणार. बरं. दादानं हे दुकान टाकलं तवा मी सहावीत होतो, आन् सहावीतच राह्यलो, कारण मास्तरनं मला मारलं आन् मी त्यांच्या सायकलीच्या दोन्ही चाकांतली हवा सोडली, आन् मंग कळलं की ती सायकल मास्तरची न्हाई, तपासायला आलेल्या साहेबाची होती. दादा म्हणला, हवा सोडायचा एवढा शौक आहे तर ये माझ्याकडं, मी तुला हवा धरायला शिकवतो. तसं शिकवलंही. सगळ्यांत आधी टॉर्च पेटवायला न्हाई शिकवलं हो, लोखंड कापायला न्हाई शिकवलं. सगळ्यांत आधी काय शिकवलं? खाली बघून चालायला. वर्कशॉपात शिरला की मान खाली. लोक म्हणायचे, कारभारी मिस्त्रीचा भाऊ किती गरीब आहे बघा, मान वर करीत न्हाई. गरीब कशाचा, पाइप हुडकत चालायचो.

आता हे दुकान बघा तुम्ही. रस्ता समोर, दार एवढं, सिलिंडर आत, काम बाहेर. ट्रॉली काय आत येते का? नांगर आत येईल, तिफण येईल, ट्रॉली न्हाई. म्हणजे पाइप दारातून बाहेर जाणारच, आन् जो पाइप दारातून जातो त्याच्यावर सारा मंठा तालुका पाय देतो. हा पहिला जोड बघा, कोपऱ्याकडचा. हा कचरूचा. कचरू बैलगाडीचा आख घेऊन आल्ता, बैलाला हो हो म्हणतो आन् गाडी पुढंच. चाकाला लोखंडी धाव. पाइपाचा आवाज झाला — फुस्स — आन् बैल एवढे घाबरले की गाडी मागं घेतली, म्हणजे चाक दुसऱ्यांदा गेलं. हा त्याच्या शेजारचा दुसरा जोड, तोही कचरूचाच. तिसरा बद्रीनाथच्या ट्रॅक्टरचा. बद्रीनाथ म्हणला, मिस्त्री, टायर रबरी आन् तुझा पाइपही रबरी, रबर रबराला काय करतं? चौथा उंदराचा. उंदीर पाइप का खातो तेही कुणी मला सांगत न्हाई, पण ते राहू द्या, एका वेळी एकच सवाल. पाचवा, सहावा आन् सातवा — हे माझे. हसू नका. पाचव्या वेळी मी तापलेला अँगल घाईघाईत जमिनीवर टाकला. सहाव्या वेळी मी तेच केलं. सातव्या वेळी मी बघून टाकला, बराबर पाइप सोडून टाकला, आन् पाइपच हलला. दादा म्हणला, पाइप हलला? मी म्हणलं, हलला. दादा म्हणला, मंग ह्याला दाव्यानं बांधून चारा टाकत जाऊ.

पण दादानं एकदाही मला मारलं न्हाई बरं का. फाटलं की बसायचा खाली, सुरीनं कडा साफ कापायचा, आत पितळेची नळी घालायचा, दोन्ही अंगानं क्लिप आवळायचा, वरून सायकलीच्या ट्यूबचा तुकडा चढवायचा, आन् साबणाचं पाणी लावून बघत बसायचा. बुडबुडा आला की पुन्हा उसवायचा. मी म्हणायचो, दादा, एवढा बारीक बुडबुडा, सोडून दे. तो म्हणायचा, तो बारीक आहे म्हणून आपल्याला बुडबुडा दिसतो, मोठा असता तर भडका दिसला असता.

मंग दादानं इलाज सुरू केले. लोखंडी चॅनल आणला, दारात उपडा टाकला, खालून पाइप, वरून चाकं. एकदम पक्का. आठ दिवसांत चॅनल चोरीला गेला. पुढं सहा महिन्यांनी एक शेतकरी तोच चॅनल घेऊन आला, म्हणला, मिस्त्री, ह्याचं गोठ्याचं दार करून द्या. दादानं करून दिलं. ओळखला होता ना, आपल्याच हातची खूण होती त्याच्यावर. मी म्हणलं, दादा, हा आपला आहे. दादा म्हणला, गप, त्याच्या म्हशीला थंडी वाजत असंल.

मंग पाटी लावली. मीच रंगवली — पाइपावर पाय देऊ नये — दाराच्या वर, मोठ्या अक्षरात. आन् लोक काय करायचे माहिती आहे? ती वाचायला थांबायचे. कुठं थांबायचे? पाइपावर. अक्षर जोडत जोडत वाचायचे, पा-इ-पा-व-र, आन् पुरं वाचून झालं की म्हणायचे, कुठं आहे पाइप? मीच रंगवलेली पाटी मीच उतरवली.

तवा दादाच्या डोक्यात ते आलं. तुम्ही येताना समोर लिंबाखाली झेंडा पाह्यला असंल, दोन दगड, शेंदूर — पाह्यला ना? नमस्कारही केला? केला असंल तर बरंच झालं, पण ती कहाणी ह्याच पाइपाची आहे. दादानं काय केलं, नदीतून दोन गोटे आणले, शेंदूर फासला आन् दारात पाइपाच्या ह्या अंगाला एक, त्या अंगाला एक ठेवून दिले. कुणाला काय सांगितलं न्हाई, कायबी न्हाई. दुसऱ्या दिवशी भिवा आला, बूड फुटलेली बादली घेऊन. दारात थबकला. चपला काढल्या. दगडाला हात लावला, हात कपाळाला लावला, आन् पाइपाला वळसा घालून आत आला. दादानं माझ्याकडं बघितलं. मी दादाकडं बघितलं. चार वर्षांत पहिला माणूस होता तो, जो पाइप सोडून चालला. त्या आठवड्यात एकानंही पाय दिला न्हाई. बद्रीनाथनं ट्रॅक्टर रस्त्यावरच उभा केला आन् तिथूनच हात जोडले. एकच तकलीफ — सगळे चपला काढून आत यायचे, आन् आमच्या जमिनीवर कायम गरम लोखंडाचे तुकडे. आत येणारा प्रत्येक जण दोन पावलांवर असा उडी मारायचा. बाहेरच्या माणसाला वाटायचं, ह्यांच्या अंगात येऊन राह्यलं.

पंधरा दिवसांत देवाला नाव पडलं. पाइपोबा. मी न्हाई ठेवलं, कोण म्हणला असंल कुणास ठाऊक, पण पडलं. नारळ यायला लागले. दादा म्हणायचा, नारळ फोडा, पण सिलिंडरवर फोडू नका. आन् मंग आला शनिवार. आता तुम्ही धंद्यातले, तुम्हाला सांगायला नको, शेंदराचा दगड म्हणलं की शनिवारी तेल आलंच. मी आत टॉर्च साफ करून राह्यलो, दादा ट्रॉलीच्या खाली, आन् दारात तुळजाबाई, आमच्या गल्लीतली म्हातारी, वाटीभर करडीचं तेल, दोन्ही दगडांवर धार धरून, आन् उरलं ते — देवाच्या मधोमध जे काळं लांब आहे तेही देवाचंच असणार म्हणून — पाइपावर. जोडावरही. बघा, तुमचाच हात कपाळाला गेला. बराबर. ऑक्सिजन आन् तेल. काडी लावायला नको, ठिणगी नको, जोरात सुटला ऑक्सिजन आन् तेलाला लागला की झालं. दादा ट्रॉलीखालून असा निघाला की पाठ सोलली त्याची. आधी सिलिंडरची चावी बंद केली, मंग म्हातारीचा हात धरला. ओरडला न्हाई. म्हणला, मावशी, ह्या देवाला तेल चालत न्हाई. म्हातारी म्हणली, तेल चालत न्हाई असा कुठं देव असतो का? दादानं तिच्या हातातली वाटी काढून घेतली. मंग म्हणला, ह्याचं सोवळं जरा कडक आहे.

तो पाइप पुरा खोलला, पुसला, वाळवला, तेल प्यायलेला तुकडा कापून फेकला, तो हा आठवा जोड. मला मात्र राग आला. मला राग आला की मी बघत न्हाई, हे दादा असताना सगळ्यांना माहिती होतं. मी दोन्ही दगड उचलले आन् तरातरा समोर लिंबाखाली नेऊन आदळले, म्हणलं, घ्या तुमचा देव, घाला किती तेल घालायचं ते. आन् त्याच रात्री भिवाची म्हैस, जी आडली होती, ती सुखरूप व्याली. संपलं. पाइपोबाला जागा पसंत पडली म्हणे. झेंडा लागला. मी आदळलेला देव आज तुम्हाला पावला असंल तर मला सांगा. आन् आमच्या दारात काय उरलं? पाइप. पुन्हा उघडा. नववा जोड त्याच महिन्यातला.

मंग दादानं बाकी सगळं सोडलं आन् बोटांवर आला. आता दादा डोळ्यावर काळा चष्मा, तोंडावर रुमाल, इकडं ग्राइंडर चालू, बोलणार काय आन् ऐकू येणार काय? तर तो अशी दोन बोटं — ही बघा — खाली चालणाऱ्या माणसासारखी धरायचा आन् एक बोट वर उचलायचा. म्हणजे पाय उचला. काम न थांबवता. मान न वळवता. डोळा ठिणगीवर, आन् डाव्या हाताची बोटं अशी. मला वाटायचं, ह्याला पाठीला डोळे आहेत. पुढं पुढं सगळा बाजार शिकला. पोरी भाजी घ्यायला जाताना गर्दीत एकमेकींना अशी बोटं दाखवायच्या. वहिनी तर घरी सारवलेल्या जमिनीवर कुणी आलं की बोलायचीच न्हाई, बोटं दाखवायची. मला दिवसातून किती वेळा दाखवली असतील ह्याचा हिशेबच न्हाई. मला त्या बोटांचा एवढा संताप यायचा की एकदा मी म्हणलं, दादा, तुझा पाइप तुझ्यासोबतच जाळीन मी. — म्हणलं होतं. राग आला की मी बघत न्हाई.

ह्या उन्हाळ्यात दादाला खोकला लागला. जस्त चढवलेले पाइप जोडायचं मोठं काम घेतलं होतं, पाणीपुरवठ्याचं, त्याचा धूर पिवळट, गोडसर. रुमाल बांधायचा, पण रुमालानं काय होतं? ताप भरला, छातीत पाणी झालं, जालन्याला दवाखान्यात नेला. आन् पाव्हणं, आत गेलो तर काय बघतो — खाटंसमोरच्या भिंतीला आपलीच टाकी. काळा रंग, मान तेवढी पांढरी, वर घड्याळ, चावी, अगदी बराबर आपली. आन् तिच्यातून निघालेली नळी, पारदर्शक, करंगळीएवढी, जमिनीवरून गेलेली आन् दादाच्या तोंडावरच्या मास्कात. जमिनीवरून. दारातून खाटंपर्यंत यायच्या रस्त्यावरून. मी दादाकडं बघितलं, दादा नळीकडं बघत होता. बोलता येत न्हवतं त्याला. पण मला कळलं ना. मी म्हणलं, दादा, तू झोप, मी आहे.

मंग मी तिथं ठाण मांडलं. अहो, आपल्या लोकांचं भेटायला येणं म्हणजे काय, तुम्हाला ठाऊक आहे. एका खाटंला चौदा माणसं. मी नळीच्या दोन्ही अंगाला दगडासारखं सामान मांडलं — ह्या अंगाला डबा, तांब्या, वहिनीची पिशवी, त्या अंगाला चपला उलट्या सुलट्या, मधून नळी. सिस्टर म्हणली, हे काय दुकान मांडलंय? मी म्हणलं, सिस्टर, हे पाइपोबाचं ठाणं आहे. ती तमिळ होती का केरळी होती कोण जाणे, तिनं हात जोडले. माय आली, झुंबरबाई, आमची आई, लसूण घालून कढवलेलं तेल घेऊन, लेकाच्या छातीला चोळायला. मास्कपाशी हात गेला तिचा आन् मी तिच्या हातातून ती बाटली हिसकली आन् खिडकीतून भिरकावली. मायला वाटलं, धाकट्याला येड लागलं. ती रडायला लागली, मामा मला मारायला धावले, मी म्हणून राह्यलो, तेल न्हाई, ऑक्सिजन आहे, तेल न्हाई. आन् दादा — मास्कच्या आत — हसला. वाफ धरली ना आतून, तवा दिसलं. आठ वर्षांत मी एकच गोष्ट बराबर केली असंल, आन् ती त्यानं बघितली.

बुधवारी दुपारी मात्र गर्दी फार झाली. आमचे मामा, अण्णासाहेब, वजनदार माणूस, स्टूल घेऊन बसायला लागले, आन् स्टुलाचा पाय नळीपासून एवढा, चार बोटं. मी म्हणलं, मामा, स्टूल मागं घ्या. ते म्हणले, मला शिकवतो का? मी म्हणलं, शिकवतो. मंग ते उभे, मी उभा, ते माझ्या लहानपणापासूनचं काढून राह्यले, सायकलीच्या हवेपासून, मी त्यांचं काढून राह्यलो, आन् सगळे नातेवाईक आमच्याकडं बघून राह्यले. तवा माझं लक्ष खाटंकडं गेलं. दादाचा डावा हात चादरीच्या बाहेर होता. दोन बोटं खाली, चालणाऱ्या माणसासारखी. एक बोट उचललेलं. मला वाटलं, मामाला दाखवतोय. मी म्हणलं, बघा, दादाही तेच म्हणतो, उचला पाय. मामांनी खाली बघितलं. मामांचा पाय कुठंच न्हवता.

माझाच होता.

हां. माझा. — न्हाई, लगेच उचलला. लगेच. पण कवापासून होता? मामाशी भांडाय लागलो तवापासून? का शेवटाला सरकला? डॉक्टरला इचारलं तर ते सांगितलंच तुम्हाला, लिहीत राह्यले. दुसऱ्या दिवशी... नंतर म्हणले, फुप्फुसच संपलं होतं, त्याचा काय संबंध न्हाई. काय संबंध न्हाई म्हणणं म्हणजे सवालाचा जबाब झाला का? मी इचारलं काय, ते सांगतात काय. म्हणून मी इथं आल्यावर बादलीत पाणी भरलं, ऑक्सिजन अगदी बारीक सोडला, ह्याच पाइपाचं टोक पाण्यात धरलं आन् वर उभा राह्यलो. बुडबुडे येतच राह्यले. भिवाला उभं केलं, तरी आले. मामांना बोलावून उभं केलं, काय ते त्यांना सांगितलं न्हाई, वजन बघायचं म्हणलं, तरी आले. हा पाइप जाडा आहे, आत कापडाचे पदर आहेत. मंग औषधाच्या दुकानातून तसलीच पातळ नळी आणली. ती लावली. तर टाच ठेवली की बुडबुडे बंद, आन् पायाचा चवडा ठेवला की चालू. टाच, बंद. चवडा, चालू. वीस वेळा केलं. चपला नळीच्या कडंला मांडलेल्या होत्या, अनवाणी होतो, एवढं आठवतं. मामाकडं तोंड करून उभा होतो, तेही आठवतं. टाच होती का चवडा, ते आठवत न्हाई.

कुठं चाललात? माठ? प्या की, पाणी प्या. भांडं तिथंच पालथं आहे.

...

काय सांगत होतो मी? — न्हाई, थांबा, हे राहू द्या. तुम्ही आत्ता माठाकडं गेलात ना, आन् परत आलात. पाइप मधे होता. आल्यापासून तीनदा पाय दिलात तुम्ही त्याच्यावर, मी मोजून राह्यलो. आत्ता जाताना उचलला. येतानाही उचलला. मी बोटं दाखवली न्हाईत. बोललो न्हाई. खरंच न्हाई बोललो ना? मी तर तिकडं बघत होतो.

बरं.

न्या. काळ्यासकट न्या. वहिनीला सांगा, भुजंगनं आढेवेढे घेतले न्हाईत. न्हाई, आभारबिभार नको, मला राग येईल. फकस्त मला गुंडाळू द्या, तुम्ही उगं ढोपराला आन् अंगठ्याला गुंडाळाल, दोरी गुंडाळतात तसं, सगळे तसंच गुंडाळतात, त्यानं पाइपाला पीळ बसतो आन् जोडापाशी चिरतो. दादाची रीत बघा. मोठा वेढा घ्यायचा, एवढा, आपल्या ट्रॅक्टरच्या रिमाएवढा. एक वेढा सुलटा. दुसरा उलटा, मनगट आत वळवून. सुलटा, उलटा. म्हणजे एकाचा पीळ दुसरा खातो. उद्या टोक धरून ओढलंत तर बिनगाठीचा सरळ निघंल. जमिनीवर टाकायचा न्हाई, भिंतीला जुन्या टायरचं रिम ठोका, त्याच्यावर. खिळ्यावर टांगला तर खिळ्यापाशी मोडतो. उन्हात न्हाई. तेलापाशी न्हाई. आन् गुंडाळायच्या आधी चावी बंद, आत कोंडलेली हवा सोडून द्यायची. पाइपात हवा कोंडून ठेवून घरी गेला तो मिस्त्री न्हाई, असं दादा म्हणायचा. हा एक. हा दोन.

गुरुवारी, अकरा वाजले असतील, ऊन खिडकीतून खाटंवर आल्तं. माय ओरडली, वहिनी खाली बसली, मामा मोठ्यानं रडून राह्यले, सगळे खाटंकडं धावले, आन् नळीवर सगळ्यांचे पाय. आता कुणाला काय म्हणायचं. वॉर्डबॉय आला टाकी न्यायला, शेजारच्या खाटंला लागत होती. त्यानं नळी तशीच खसकन ओढली. मी त्याचा हात धरला. म्हणलं, थांब, तू नको. आधी चावी बंद केली. उजवीकडं, शेवटपर्यंत. मंग नळीतली राह्यलेली हवा जाऊ दिली, कान लावून ऐकलं, पुरी गेली. मंग मास्क काढला. मंग एकेकाला हातानं सांगितलं, बोटांनी, आन् सगळ्यांनी पाय उचलले. मामांनीसुद्धा. डबा, तांब्या, चपला बाजूला केल्या. आन् ती नळी पुसून गुंडाळली. एक वेढा सुलटा, एक उलटा. अशीच.